टेकडीवरचा बर्फ

परवा रीटचा, माझ्या जुन्या कामावरच्या बाईचा, मेसेज आला. "शनिवारी मशीन बंद होतायत. दोन-तीन दिवसांत सगळं वितळून जाईल. तुला काही न्यायचं असेल तर रविवारी ये." मी वाचला, फोन पालथा ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. म्हटलं, मला काय न्यायचंय तिथून? सहा वर्षं गुडघ्यांवर बसून लोकांच्या पायांत बूट चढवले, तेवढं पुरे नाही का झालं? आणि रविवारी सकाळी मिलिंद झोपेत असतानाच मुकाट्याने सायकल काढली.

हॉलंडमधल्या या आइंडहोवनच्या बाहेर पडून कालवा ओलांडला की ती टेकडी लागते. इथले लोक तिला डोंगर म्हणतात, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने. मी साताऱ्याची, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आवरेना. आमच्याकडे एवढ्याशा उंचवट्याला कुणी नावसुद्धा देत नाही, त्यावर म्हशी चरतात. त्यातून ही टेकडी देवाने केलेलीही नाही. गावाने कित्येक वर्षं टाकलेला कचरा मातीखाली झाकला, वर गवत पेरलं, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की उतार आहेच, तर घसरू या.

रीट सांगायची, सुरुवातीला इथे बर्फ नव्हताच. उतारावर प्लॅस्टिकच्या केसांच्या हिरव्या चटया अंथरलेल्या होत्या, ब्रश उलटे मांडून ठेवावेत तशा. त्यांवर पाणी मारायचं आणि स्की बांधून घसरायचं. पडलं की कोपरं सोलून निघायची. रीट तेव्हा विशीतली. लाकडी खोपट्यात बसून तिकिटं फाडायची आणि मधल्या वेळात पोरांच्या कोपरांना मलम लावायची. पुढे त्या चटया गेल्या, पत्र्याचं छत आलं, भिंती आल्या, आत थंडी भरली आणि बारा महिने बर्फ पडायला लागला. लांबून बघितलं तर कुणीतरी एक प्रचंड गोडाऊन उचलून टेकडीला टेकवून ठेवलंय असं वाटतं. बाहेर जुलैचं ऊन, लोक सँडल घालून सायकली लावतायत, आणि आत शून्याच्या खाली चार. येडे लोक, असं मी पहिल्या दिवशी मनात म्हणाले होते. पुढे मीही त्या येड्यांतलीच झाले.

चढावर उतरून सायकल हातात धरली. गुडघे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. दार उघडंच होतं. पूर्वी ते सरकलं की थंड हवेचा लोट थेट घोट्यांवर यायचा, आणि त्या हवेला स्वतःचा एक वास असायचा, लोखंडी पेल्यातल्या पाण्यासारखा. आज ओल्या फडक्याचा वास आला. आत पाणी ठिबकत होतं. एका जागी नाही, सगळीकडे. बंद का झालं ते मला विचारू नका. मीटिंगा झाल्या, पेपरात आलं, मी काही वाचलं नाही.

काय थाट होता हो या जागेचा! दोन उतार होते. मोठ्यावर दांडीला लोंबकळत वर नेणारी लिफ्ट. छोट्यावर पोरांसाठी सरकता पट्टा, विमानतळावर बॅगा येतात तसा, आणि त्यावर चार-चार वर्षांची पोरं हेल्मेट घालून ओळीने उभी. फेब्रुवारीच्या सुट्टीआधी तर नुसती झुंबड. अख्खा देश आल्प्सला निघालेला असायचा आणि निघण्याआधी आमच्याकडे येऊन पडायला शिकायचा. हो, पडायलाच. पहिला धडा तोच, कसं पडायचं आणि पडल्यावर आपलं आपण कसं उठायचं. सकाळच्या पाळीला लवकर गेलं की मोठ्या उतारावर नुकत्याच केस विंचरल्यासारख्या बारीक सरळ रेघा असायच्या. एकही पाऊल उमटलेलं नाही. ते दोन मिनिटं बघायला मी मुद्दाम आधीची बस पकडायचे. वरच्या मजल्यावर कॅफे. लाकडी फळ्या, भिंतीवर गाईच्या गळ्यातली घंटा, वितळलेल्या चीजचा वास. आल्प्स म्हणे! कचऱ्याच्या ढिगावर आल्प्स.

आणि खाली माझं काउंटर.

मी एम.एस्सी. केमिस्ट्री. लग्न होऊन मिलिंदबरोबर इथे आले. तो चिप बनवायच्या मशीनच्या कंपनीत, सकाळी सातला घराबाहेर. मी घरात. डच येत नव्हतं, आणि डच येत नाही म्हणून काम मिळत नव्हतं, आणि काम नाही म्हणून डच बोलायला माणूस नव्हतं. दोन वर्षं मी फक्त सुपरमार्केटमधल्या बाईला "पिशवी नको" एवढंच म्हणत काढली. सई झाली, बालवाडीत जायला लागली, आणि एक दिवस त्या बालवाडीच्या फळ्यावर रीटने लावलेली चिठ्ठी दिसली. बूट भाड्याने द्यायच्या काउंटरवर माणूस हवंय, डच काम करता करता येईल. मी रडले असते तेव्हा, इतका आनंद झाला.

काम काय? लोक बाकावर ओळीने बसायचे. मी फोमच्या चौकोनी तुकड्यावर गुडघे टेकून त्यांच्या पुढे. पाय किती सेंटिमीटर ते बघायचं, बूट आणायचा, जीभ ओढून धरायची, पाय आत ढकलायचा, चार बकलं लावायची. खालून वर, दुसरं बक्कल सगळ्यात कडक. मग वजन विचारायचं, कारण वजन किती त्यावर स्कीचा स्क्रू पिळायचा असतो, नाहीतर पडल्यावर बूट सुटत नाही आणि पाय मोडतो. वजनाच्या बाबतीत जगातल्या सगळ्या बायका सारख्या, आणि पुरुषही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. बाई म्हणाली बासष्ट, की मी वर बघायचे सुद्धा नाही, पिंढरीकडे बघून सरळ अडुसष्टवर स्क्रू लावायचे. संध्याकाळी सगळे बूट परत. ओले, गरम, कुणाकुणाच्या घामाचे. आत फवारा मारायचा, फडक्याने पुसायचे आणि गरम हवेच्या नळ्यांवर उलटे टांगायचे. तो वास हाताला बसायचा. घरी येऊन कणीक मळायच्या आधी मी कोपरापर्यंत हात धुवायचे, दोनदा.

पायातली वहाण पायातच बरी, असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या तर हातात आली होती.

आता बाबांचं सांगायला हवं. माझे बाबा साताऱ्याला हायस्कूलात भूगोल शिकवायचे. आख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. आयुष्यभर चपला घातल्या, कारण बुटाची नाडी बांधायची म्हणजे पायताणाला हात लावायचा. आम्ही शाळेचे बूट घातले की आधी मोरीवर, साबण लावून हात, मग दप्तराला स्पर्श. वह्या-पुस्तकांना चुकून पाय लागला तर नमस्कार. हे काही ते रागावून करायचे नाहीत. नुसते उभे राहायचे आणि बघायचे, की आपले पाय आपोआप मोरीकडे वळायचे. आई लवकर गेली. मला शिकवलं बाबांनी. साताऱ्याहून पुण्याला हॉस्टेलवर पोचवायला आले होते, तेव्हा म्हणाले होते, "आपल्या घरातली पहिली एम.एस्सी. होशील तू." झालेही. आणि मग हातात लोकांचे बूट.

फोनवर बाबांनी विचारलं, "नोकरी लागली म्हणतेस, काय काम?" मी म्हटलं, "ऑफिसात आहे बाबा. रेकॉर्ड ठेवायचं काम." तोंडातून गेलं ते गेलं. पुढच्या फोनला ते म्हणाले, "काल सगळ्यांना सांगितलं, लेक हॉलंडला ऑफिसात आहे." आता ते मागे कसं घ्यायचं? मी घेतलं नाही. मराठी मंडळातल्या बायकांनाही मी तेच सांगितलं होतं. रविवारी ती मंडळी पोरं घेऊन बर्फात यायची, म्हणून मी रविवारची पाळी कधी घेतली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग चौथ्या वर्षी बाबा आले. मे ते जुलै, तीन महिन्यांचा व्हिसा. विमानतळावर आले तेच स्वेटर आणि कानटोपी घालून, आणि पायात अंगठ्याचे मोजे आणि त्यावर चपला. गाडीत बसल्याबसल्या पहिलं वाक्य, "काय गं, बर्फ कुठे बघायला मिळेल?"

म्हणजे बघा, या माणसाने तीस वर्षं हिमनदी शिकवली होती. फळ्यावर रंगीत खडूने हिमनदी काढायचे, निळ्यावर पांढरा घासून. हिमनदी दगड कसे वाहून आणते, दरी इंग्रजी यू अक्षरासारखी कशी होते, हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा, देवळात बोलतात तसा. मीही त्यांच्याच वर्गात होते. एकदा एका पोराने विचारलं, "सर, बर्फ हातात घेतल्यावर कसं वाटतं?" बाबा म्हणाले, "ते मलाही बघायचंय." सगळा वर्ग हसला. मी नाही हसले. मला कसंतरी झालं होतं.

स्वित्झर्लंडला जायचं ठरलं होतं. मिलिंदची मशीन कुठेतरी अडकली, त्याची सुट्टी गेली. मी म्हटलं, "पुढच्या वेळी हिवाळ्यात या बाबा, दारातच बर्फ पडतो." ते म्हणाले, "हिवाळ्यात माझा दमा मला येऊ देईल होय?" आणि हसले. विषय संपला.

आमच्या गॅलरीतून ती टेकडी दिसायची. पहिल्याच आठवड्यात चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "तो पत्रा कसला गं, टेकडीवर?" मी म्हटलं, "गोडाऊन आहे बाबा. भाजीपाल्याचं. कोल्ड स्टोरेज." ते म्हणाले, "असं होय." सई शेजारी बसून ब्रेड खात होती, आठ वर्षांची. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला आधीच दम भरून ठेवला होता, आजोबांना आईच्या कामाचं काही बोलायचं नाही. ती डचमध्ये म्हणाली, "तिथे तर बर्फ आहे." बाबांना डच कळत नव्हतं. मी तिला मराठीतून म्हटलं, "गप खा."

घरापासून चार बस स्टॉप. चार! आणि मी माझ्या बापाला सांगितलं की ते भाजीचं गोडाऊन आहे.

त्या तीन महिन्यांचं सगळं आठवतं मला. बाबांचा सकाळचा खाकरण्याचा आवाज. बाथरूममध्ये वाळत घातलेला पंचा. सुपरमार्केटमध्ये प्रत्येक भोपळी मिरचीवरचं देशाचं नाव वाचून ते सईला नकाशात दाखवायचे. सईला शाळेत सोडायला तेच जायचे. ती पुढे सायकलवर, हे मागे चपला फटफटत. मग म्हणायचे, "मी जरा पाय मोकळे करून येतो." मी बसचं कार्ड देऊन ठेवलं होतं. कुठे जायचे विचारलं तर सांगायचे, "कालव्यापर्यंत." साताऱ्याचा माणूस, रोज पहाटे किल्ल्यावर जाऊन येणारा. सगळ्या मुलखात एकच टेकडी. तो कालव्यापाशी थांबेल, असं मला वाटलं तरी कसं? अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

मी संध्याकाळी घरी आले की ते विचारायचे, "दमलीस?" मी म्हणायचे, "छे हो, बसून तर काम." जूनच्या शेवटी-शेवटी त्यांनी एक नवीनच सुरू केलं होतं. मी यायच्या आधी पाणी तापवून ठेवायचे, बादलीत मीठ घालून. "पाय बुडवून बस जरा. गुडघ्यांनाही बरं." मी म्हटलं, "मला काय झालंय गुडघ्यांना?" ते म्हणाले, "ऑफिसात बसूनही धरतात." मी पाय बुडवून बसायचे आणि ऑफिसातल्या गोष्टी रचून सांगायचे. साहेब असा, फाइल अशी. बाबा ऐकायचे. एकदाही त्यांनी उलट प्रश्न विचारला नाही. ज्यांच्यापुढे वर्गातलं एकही पोर खोटं बोलू शकलं नाही, ते माझं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं. बरं."

स्किपोलवर सोडायला गेलो. बॅगा गेल्या. सई मिलिंदबरोबर विमानं बघायला काचेकडे पळाली. आम्ही दोघंच उभे होतो. बाबा म्हणाले, "काही सांगायचं राहिलंय का गं?"

मी म्हटलं, "नाही बाबा. गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवल्यात. आणि इनहेलर खिशात."

"बरं," म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला, असं मला आता वाटतं. तेव्हा रांग पुढे सरकत होती आणि मला त्यांची घाई झाली होती.

दोन वर्षांनी गेले. मार्गशीर्षात, दम्यानेच. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. भावाने चटई टाकली, लोक येऊन भेटत होते. शेजारच्या काकू माझा हात धरून म्हणाल्या, "मास्तर कौतुक करायचे बाई तुझं. म्हणायचे, लेक फार राबते तिकडे. कष्टाला मागे हटत नाही." मला वाटलं, भेटायला आलेली माणसं बोलतात तसं काहीतरी. ऑफिसात कुणी राबतं का? पण डोकं ठिकाणावर कुठे होतं माझं. मी मान हलवली आणि चहाच्या कपबशा गोळा करायला उठले. परत आल्यावर महिनाभरात मी ते काम सोडलं. आता गेमेंतेत आहे, नगरपालिकेत. खिडकीशी बसते, पत्ता बदलल्याची नोंद करून घेते. खरोखरचं ऑफिस, खरोखरचं रेकॉर्ड. ज्यांना सांगायचं ते राहिले नाहीत.

तर रविवारी मी आत गेले. काउंटरमागच्या नळ्या थंड होत्या, बूट खोक्यांत भरलेले. उताराकडे गेले. बर्फ राखाडी झाला होता, जागोजागी खालची काळी जमीन दिसत होती, आणि एक ओघळ सरकत्या पट्ट्याखालून दाराकडे निघाला होता. मी वाकून हात लावला. बोटांत चिखल आला.

रीट वर कॅफेत कपबशा कागदात गुंडाळत होती. सत्तरीला आली, अजून ताठ. मला बघून तिने तीन पाप्या घेतल्या, इथल्या रीतीप्रमाणे, आणि कॉफी ओतली. थोडा वेळ आम्ही इकडचं-तिकडचं बोललो. मग ती कागद बाजूला ठेवून म्हणाली, "तुला एक सांगायचं आहे. आधीच सांगायला हवं होतं. पण मी शब्द दिला होता."

"कुणाला?"

"तुझ्या वडिलांना. ते इथे यायचे."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "इथे म्हणजे कुठे?"

"इथे. वर. मंगळवारी आणि गुरुवारी, दहा वाजता. बाहेरच्या जिन्याने यायचे, मोज्यांवर चपला घालून. चहा मागायचे, आणि दूध वेगळं, गरम करून."

दूध वेगळं, गरम करून! जगात दुसरं कोण असणार?

रीट म्हणाली, "पहिल्यांदा वाटलं, चुकून आलेत. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, स्की शिकायचंय का? हसले. इंग्रजीत म्हणाले, माझी मुलगी इथे काम करते. तिला सांगू नका मी येतो म्हणून. ती सांगेल मला, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा." तिने कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला. "मग ते परत गेले, आणि मला वाटलं तुझं-त्यांचं बोलणं झालं असेल. पुढे ते वारले म्हणून तू सांगितलंस, तेव्हा तू इतकी रडत होतीस की मला धीर झाला नाही. नंतर तू गेलीसच."

मी विचारलं, "बर्फात गेले होते का ते? निदान हात तरी लावला का?"

"नाही. मी म्हटलं होतं, चला, उतारावर नेते. पण आत जायचं म्हणजे तुझ्या काउंटरसमोरूनच जावं लागायचं. दुसरी वाट नव्हती ना. नको म्हणाले."

मग मी रडले. लाज सोडून रडले. तीस वर्षं ज्या माणसाने खडूने बर्फ काढला, तो बर्फापासून चाळीस पावलांवर येऊन, चहा पिऊन, परत जात होता. एकदा नाही, दर मंगळवारी, दर गुरुवारी. आणि मधे कोण बसलं होतं? मी. माझ्या बापाच्या आणि बर्फाच्या मधे मीच बसले होते, माझं एवढंसं खोटं सांभाळत. मला वाटत होतं मी त्यांना जपतेय. ते मला जपत होते. मी सांगेन म्हणून तो माणूस विमानतळापर्यंत थांबला होता, आणि मी त्यांना गोळ्यांचा कप्पा दाखवला.

रीटने माझ्या पाठीवर हात ठेवला. इथले लोक असं सहसा करत नाहीत. ती म्हणाली, "एकदा त्यांनी माझ्याकडे एक बूट मागितला. बघायला. मी जुना होता तो आणून दिला. इथे टेबलावर ठेवला आणि बकलं उघडली, लावली. परत उघडली. दुसरं बक्कल त्यांना लागेचना. मला म्हणाले, हे ती दिवसातून किती वेळा करते? मी म्हटलं, गर्दीच्या दिवशी शंभरेक वेळा. मग त्यांनी बिस्किट खाल्लं."

मी डोळे पुसले. "हात धुतले का त्यांनी?"

"काय?"

"बुटाला हात लावल्यावर. बिस्किट खायच्या आधी. हात धुतले का?"

रीट माझ्याकडे बघतच राहिली. हिला वेड लागलं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "नाही," ती म्हणाली. "कशाला? चहा गार होत होता."

खाली पाणी ठिबकत होतं. मी उठले आणि काचेच्या मोठ्या भिंतीशी गेले. कॅफेतली सगळी टेबलं त्या काचेला लागून मांडलेली आहेत, कारण तिथून अख्खा उतार दिसतो, वरपासून खालपर्यंत. मी मनाशी म्हटलं, चला, हात नाही लागला तरी डोळ्यांनी पोटभर बघितलं असेल. इथे बसून, गरम दुधाचा चहा घेत. मधल्या टेबलाच्या खुर्चीवर हात ठेवून मी विचारलं, "इथे बसायचे का?"

"नाही, तिथे नाही," रीट म्हणाली. "मी दर वेळी सांगायचे, अहो, काचेजवळ बसा, बर्फ तिकडे आहे. ऐकायचे नाहीत. त्या तिथे बसायचे."

तिने जिन्याच्या बाजूचा कोपरा दाखवला. एकच टेबल, ट्रे ठेवायच्या मांडणीला चिकटलेलं. तिथे कधी कुणी बसत नाही. मी गेले आणि बसले.

त्या खुर्चीवरून बर्फ दिसत नाही. मधे जाड खांब येतो. जिन्याच्या कठड्यातून खाली बघितलं की माझं काउंटर दिसतं, आणि त्याच्यासमोर मी गुडघे टेकून बसायचे ती जागा.